वादी रममध्ये पहिल्यांदाच जीप टूर करणार असाल तर

जॉर्डनच्या ग्रुप टूरच्या कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ ठरलेली असते: ‘दुपारी वादी रम, दोन तासांची जीप सफारी.’ पेट्रा हे कातळात कोरलेलं प्राचीन शहर झालं, समुद्रकाठचं अकाबा व्हायचंय, मधल्या वेळात वाळवंट उरकून घ्यायचं. माझं स्पष्ट मत असं, की जॉर्डनपर्यंत विमानाचा खर्च करून वादी रमला दोन तास देणं हा तोट्याचा व्यवहार आहे. स्वतंत्रपणे जाणाऱ्यांनी पूर्ण दिवस आणि एक रात्र द्यावी. ज्यांच्या हातात तेवढं नाही त्यांनी निदान थांबे कमी करावेत. पुढचं सगळं त्या हिशेबानं लिहिलंय.

जागेची ओळख थोडक्यात. जॉर्डनच्या अगदी दक्षिणेला, सौदी अरेबियाच्या सीमेजवळ सुमारे ७४० चौरस किलोमीटरचं हे संरक्षित क्षेत्र. अकाबापासून साठेक किलोमीटर, म्हणजे तासाभराचा रस्ता. पेट्राहून पावणेदोन ते दोन तास, अम्मानहून चार. २०११ साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला तो निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही निकषांवर. सपाट वाळूतून शेकडो मीटर उंचीचे वालुकाश्माचे डोंगर सरळ वर उठलेले आणि त्यांच्यामधल्या रुंद दऱ्यांतून गाड्यांची चाकोरी. सह्याद्रीत भटकणाऱ्याला इथली निम्मी ओळख आधीच असते: नेढं (कातळातलं आरपार भोक), घळ, खिंड, घसारा (सुट्या दगडमातीचा उतार), सगळं आहे. फक्त कातळ आपला काळा बेसाल्ट नाही आणि झाड शोधावं लागतं.

आधी वेळ ठरवा, मग थांबे

टूर साधारण चार प्रकारच्या मिळतात: दोन तास, चार तास, जेवणासह पूर्ण दिवस, आणि पूर्ण दिवसाला जोडून कॅम्पमधला मुक्काम. दोन तासांत लॉरेन्सचा झरा, खझाली घळ आणि वाळूची टेकडी एवढं होतं, तेही चढण्या-उतरण्याच्या घाईत. चार तासांत एखादं नेढं आणि शिलालेखांची भिंत वाढते. गाडी मुख्य वाटा सोडून आत जाते, दुसऱ्या गाड्या दिसेनाशा होतात आणि इंजिन बंद केल्यावर कानाला खरोखर काही ऐकू येत नाही, तो अनुभव पूर्ण दिवसाच्या टूरमध्येच येतो.

जाहिरातींत ‘१२ पॉइंट’, ‘१४ पॉइंट’ अशी स्पर्धा चालते. तिकडे दुर्लक्ष करा. पूर्ण दिवसात सहा-सात जागा नीट बघून होतात, बाकीच्या खिडकीतून हात दाखवून मोजल्या जातात.

मार्च ते मे आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हे चांगले महिने. वसंतात अधूनमधून खमसीन नावाचा गरम, धुळीचा वारा सुटतो आणि दिवसच्या दिवस आकाश मातकट राहतं, तेवढी जोखीम धरून चाला. जून ते ऑगस्ट दुपारी पारा चाळिशीकडे जातो. तेव्हा जायचंच असेल तर सकाळी लवकर आणि चारनंतर असे दोन तुकडे करून मागा. डिसेंबर-जानेवारीत दिवस सुखाचे असतात, पण रात्री पारा शून्यापर्यंत उतरतो. खोऱ्याचा तळच समुद्रसपाटीपासून साडेनऊशे मीटरच्या आसपास आहे. सूर्यास्त डिसेंबरात पावणेसहाला, जूनमध्ये पावणेआठच्या सुमारास. टूरची वेळ ठरवताना हे दोन आकडे डोक्यात ठेवा. घड्याळ भारताच्या अडीच तास मागे.

पास, व्हिसा आणि पैसे

परदेशी पर्यटकांना प्रवेशशुल्क ५ दिनार. जॉर्डन पास काढला असेल तर ते त्यातच येतं. हा पास ७० ते ८० दिनारांचा (पेट्रात किती दिवस घालवणार त्यावर किंमत), तो निघण्यापूर्वी ऑनलाइन घ्यावा लागतो, आणि देशात किमान तीन रात्री राहणार असाल तर ४० दिनारांचं व्हिसाशुल्क माफ होतं. पेट्रा आणि वादी रम दोन्ही करणाऱ्याला तो जवळजवळ नेहमी परवडतो. जीपचे पैसे मात्र त्यात धरलेले नसतात, हे अनेकांना फाटकावर कळतं. व्हिसाचे नियम बदलत असतात आणि त्या भागातली परिस्थितीही. तिकिटं काढण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचा.

दिनार डॉलरला बांधलेला आहे, १ दिनार म्हणजे सुमारे १.४१ डॉलर. पाच दिनारांचा चहा-नाश्ता आकड्यानं स्वस्त वाटतो, म्हणून मनात गुणाकार चालू ठेवा. रोख रक्कम अकाबा किंवा वादी मूसामधून (पेट्राचं गाव) काढून आणा, वादी रममधल्या रम गावात एटीएमच्या भरवशावर राहू नका. सुटे दिनार लागतात.

बुकिंग: कुणाकडे आणि काय विचारून

दोन मार्ग आहेत. एक, व्हिजिटर सेंटरला पोचून तिथल्या फलकावर लावलेल्या ठरलेल्या दरांप्रमाणे गाडी घेणं. तिथे दर गाडीमागे असतो आणि चालक पाळीनं मिळतो, म्हणजे निवड तुमच्या हातात नाही. दुसरा, रम गावातल्या एखाद्या बदू (वाळवंटातल्या भटक्या अरब जमातीच्या) कुटुंबाच्या कॅम्पशी आधीच मेल किंवा व्हॉट्सअॅपवर बोलून टूर आणि मुक्काम एकत्र ठरवणं. इथे दर बहुधा माणशी असतो आणि माणसं वाढली की उतरतो. दोघंच असाल तर अंगावर बराच येतो, चौघं असाल तर छान. दुसरा मार्ग मला जास्त पटतो. कारण साधं आहे: टूर चांगली होते की नाही ते चालकावर ठरतं, आणि कॅम्पवाल्याला रात्री तुमच्यासमोर बसून जेवायचं असतं.

बुकिंग करताना हे विचाराच:

- कॅम्प संरक्षित क्षेत्राच्या आत आहे की दिसी गावाच्या बाजूला? दिसीकडचे बरेच कॅम्प हद्दीबाहेर असतात. फोटो सारखेच दिसतात, जागा वेगळी असते.
- गाडीत दुसरे पर्यटक असतील का, आणि जास्तीत जास्त किती?
- चालकाला इंग्रजी कितपत येतं? तो बाजूने चालत येणार की गाडीपाशी थांबणार?
- दुपारचं जेवण, पाणी, चहा धरून दर आहे ना? पैसे कुठल्या चलनात, केव्हा?
- सूर्यास्त कुठून दाखवणार?

शेवटच्या प्रश्नाला जो ‘जिथे गर्दी नसेल तिथून’ असं उत्तर देतो, त्याच्याकडे निर्धास्त जा.

टॅक्सीवाला ‘माझ्या चुलतभावाचा कॅम्प’ सुचवील, त्यात त्याचं कमिशन असतं. फाटकापाशी कुणी ‘मीच तुमचा गाइड’ म्हणून पुढे आला, तर ज्याच्याशी बोलणं झालंय त्याला फोन लावून खात्री करा. त्यात कुणालाही राग यायचं कारण नाही.

भाड्याची गाडी घेऊन येणार असाल तर ती रम गावापर्यंतच. पुढे डांबर संपतं, आणि वाळूत अडकलेल्या गाडीचा खर्च भाड्याच्या विम्यात बसत नाही.

सामान

मोठी बॅग कॅम्पवर किंवा त्यांच्या गावातल्या घरी ठेवता येते. बरोबर घ्यायचं ते असं: माणशी दोन-तीन लिटर पाणी (कॅम्पवाले देतात, तरी आपली एक बाटली असावी), टोपी, गॉगल, सनस्क्रीन, ओठांना लावायला व्हॅसलीन. मोठा सुती पंचा किंवा ओढणी आणाच. धूळ उडाली की नाकातोंडावर, ऊन लागलं की मानेवर, रात्री कानाला. ट्रेकचे चांगल्या ग्रिपचे बूट. वाळूच्या टेकडीवर ते काढावे लागतात, पण खडकावर चपलेनं चढू नका. हिवाळ्यात जाड जॅकेट आणि कानटोपी, कारण चालत्या उघड्या गाडीत सकाळी आठचा वारा झोंबतो.

कपडे खांदे आणि गुडघे झाकणारे, बायका-पुरुष दोघांचेही. बदू गाव आहे, लोक तोंडावर बोलणार नाहीत, पण फरक पडतो. उन्हासाठीही तेच बरं. ड्रोन घरी ठेवा. परवानगीशिवाय आणलेला ड्रोन विमानतळावर काढून घेतात. कॅमेऱ्याची लेन्स वाळूत उभं राहून बदलू नका.

गाडी आणि बसण्याची जागा

नाव जीप टूर असलं तरी समोर उभी असते ती बहुधा मुरलेली टोयोटा पिकअप. मागच्या हौद्यात दोन्ही कडांना गादी घातलेले बाक, वर कापडाचं छत. मागे पट्टे नसतात. धरायला लोखंडी दांडी असते, ती धरायची. केबिनच्या बाजूला बसलं तर आदळआपट कमी आणि धूळही कमी. अगदी मागच्या टोकाला बसलेला माणूस संध्याकाळपर्यंत गेरूनं रंगवल्यासारखा होतो.

पाठीचा, मानेचा त्रास असणाऱ्यांनी आणि लहान मुलांनी चालकाशेजारी केबिनमध्ये बसावं. हे बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा, बंद गाडीही मागता येते. मणक्याचं ऑपरेशन झालेल्यांनी आणि गरोदर बायकांनी हा प्रकार टाळावा. वाळूवर गाडी बोटीसारखी तरंगत जाते, पण गाड्यांनी घोटलेल्या पट्ट्यांवर बारीक लाटा उठलेल्या असतात आणि तिथे हाडं मोजून होतात.

गाडी वाळूत कशी चालते हे बघण्यासारखं असतं. मऊ पट्टा आला की चालक वेग सोडत नाही. थांबला की रुतला, हे त्याला माहीत असतं. काही जण टायरमधली हवा मुद्दाम कमी ठेवतात, त्यामुळे टायर पसरतो आणि वजन जास्त जागेवर वाटलं जातं. रुतलीच तर घाबरू नका. उतरा, बाजूला व्हा, चालक हातानं चाकामागची वाळू काढून गाडी मागे घेतो, मग नव्या जोमानं पुढे. पाच मिनिटांचा मामला. हळू चालव असं सांगायचं असेल तर ‘श्वै श्वै’ म्हणा, लगेच कळतं. निघायचं म्हटलं की ‘यल्ला’, आभाराला ‘शुक्रन’.

थांबे: कुठे रेंगाळायचं

*लॉरेन्सचा झरा.* पहिल्या महायुद्धात अरब बंडाच्या काळात ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्स या भागात वावरला, म्हणून नाव. खाली उंटांसाठी बांधलेला पाण्याचा हौद आणि वर दगडधोंड्यांतून चढत गेलं की हिरवळीचा ठिपका. बहुतेक लोक हौदापाशी फोटो काढून परततात. चढ पंधरा-वीस मिनिटांचा आहे, चढा, कारण वरून या डोंगरांची रचना उलगडते. खाली गडद, खडबडीत ग्रॅनाइट, त्यावर लालसर वालुकाश्माच्या उभ्या भिंती. पावसाचं जे थोडं पाणी पडतं ते वालुकाश्मातून झिरपत खाली येतं, ग्रॅनाइटमधून पुढे जाऊ शकत नाही, आणि दोन्ही खडक जुळतात त्या रेषेवर बाहेर पडतं. एकदा हे कळलं की दिवसभर डोंगराच्या पायथ्याशी कुठे झुडुपांची ओळ दिसली की तिचं कारण आपलं आपल्याला सांगता येतं. जबल रम या डोंगराच्या पायथ्याशी नबातींनी (पेट्रा वसवणाऱ्या प्राचीन अरब लोकांनी) देऊळ बांधलं तेही याच पाण्याच्या आसऱ्यानं. त्याचे अवशेष रम गावाला लागूनच आहेत आणि टूरवाले सहसा तिकडे नेत नाहीत. मुक्काम असेल तर स्वतः चालत जाऊन या.

*खझाली.* डोंगराला पडलेली अरुंद भेग. आत शिरलं की दोन भिंतींमध्ये जेमतेम अंतर राहतं आणि उन्हाचा ताप एकदम उतरतो. पायाखाली कडेकडेनं जाणारा कातळाचा कट्टा गुळगुळीत झालेला आहे आणि मधल्या खळग्यांत कधीकधी पाणी असतं, तेव्हा एक हात भिंतीला ठेवून चाला. भिंतींवर कोरलेली चित्रं: पावलांच्या जोड्या, माणसं, शिंगं असलेले प्राणी, आणि थमूदी या प्राचीन अरबी लिपीतली अक्षरं. ती डोळ्यांच्या रेषेत शोधू नका. बरीचशी वर आहेत, आणि ऊन तिरपं आत येतं तेव्हाच उठून दिसतात. युनेस्कोच्या नोंदीप्रमाणे या सगळ्या परिसरात सुमारे २५,००० शैलचित्रं आणि २०,००० शिलालेख आहेत, आणि माणसाच्या वावराच्या खुणा १२,००० वर्षं मागे जातात. बोट लावू नका, खडूनं रेषा भरू नका (हे करणारे महाभाग जगभर आहेत).

सकाळी दहाच्या सुमारास खझालीच्या तोंडाशी गाड्यांची रांग लागते. चालकाला आदल्या दिवशीच सांगा: आधी लांबचे थांबे, खझाली दुपारी जेवणाच्या वेळी. बरेच जण आनंदानं क्रम उलटा करतात, त्यांनाही गर्दीचा कंटाळा असतोच.

आणखी एक गोष्ट, आणि ही गमतीनं घेऊ नका. आकाश भरून आलं असेल किंवा लांब डोंगरावर पाऊस दिसत असेल तर कुठल्याही घळीत शिरायचं नाही. उघडा कातळ पाणी शोषण्याआधीच वाहून लावतो आणि मिनिटांत लोंढा येतो. चालक ‘आज नाही’ म्हणाला तर हुज्जत घालू नका.

*उम्म फ्रूथ आणि बुर्दा.* दोन्ही नेढी. उम्म फ्रूथ जमिनीपासून पंधराएक मीटर उंच, वर जायला एक छोटा रॉक पॅच, म्हणजे हातापायांनी चढायचा कातळाचा टप्पा. चढताना पावठ्या आहेत, उतरताना त्या दिसत नाहीत. चालकाला पुढे ठेवा, तो पाय कुठे टाकायचा ते सांगतो. उंचीची भीती वाटत असेल तर खालूनच कमान छान दिसते, वर जाऊन ती उलट दिसतच नाही. बुर्दाचं प्रकरण वेगळं. साधारण ३५ मीटर उंचीचा तो खडकाचा पूल डोंगराच्या खांद्यावर आहे, चढून-उतरून यायला तीन तास धरा आणि काही ठिकाणी दोर लागतो. ते जीप टूरमध्ये आपोआप येत नाही, वेगळा वाटाड्या आधीच ठरवावा लागतो. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेनं वगैरे जाऊन आलेल्यांनी जरूर करावं. इतरांनी खालून बघावं.

*अबू खशाबा.* इथे चालक तुम्हाला एका टोकाला सोडतो आणि गाडी घेऊन दुसऱ्या टोकाला जाऊन थांबतो. मधली अर्ध्या-पाऊण तासाची वाट तुम्ही चालायची: मऊ वाळू, दोन्ही बाजूंना कडे, मधूनच एखादं झाड. मला ही जीप टूरमधली सगळ्यात चांगली जागा वाटते, आणि गंमत म्हणजे इथे जीप नसते. तुमच्या यादीत नसेल तर घालून घ्या आणि त्या बदल्यात ‘मश्रूम रॉक’ किंवा ‘लॉरेन्सचं घर’ खुशाल गाळा.

*लाल टेकडी.* खडकाला टेकून साठलेली वाळू. लोहाच्या ऑक्साइडमुळे लाल. अनवाणी चढायचं. दोन पावलं वर गेलं की एक खाली येतं, दम लागतो. उन्हाळ्यात भर दुपारी तळवे भाजतात. तेव्हा संध्याकाळी चढा.

चहा आणि जेवण

थांब्यांवर काळ्या तंबूत चहा मिळतो: कोरा, चिकार गोड, बहुतेक मरमिया घातलेला, म्हणजे सेज नावाच्या झुडुपाची पानं. काही तंबूंत चहाबरोबर ओढण्या, अत्तरं, साबण समोर मांडतात. घ्यायलाच हवं असं नाही, पण चहाचा दिनार ठेवून उठा.

चालकानं स्वतः केलेल्या चहाची गोष्ट निराळी. दुपारी तो कड्याच्या सावलीत गाडी लावतो, चटई टाकतो, वाळलेली काटकी गोळा करतो आणि धुरानं काळी झालेली किटली सरळ निखाऱ्यावर ठेवतो. साखर आधी, पत्ती नंतर. त्याच जाळावर कांदा-टोमॅटो-भाजीचा रस्सा शिजतो, बरोबर खुब्ज म्हणजे पातळ भाकरीसारखा रोट, हुम्मुस, काकडी, ट्यूनाचा डबा. शाकाहारी असाल तर डबा बाजूला ठेवायला सांगा, बाकी सगळं चालतं.

रात्रीच्या जेवणाबद्दल शाकाहारी मंडळींनी नीट वाचा. कॅम्पचा मुख्य पदार्थ झर्ब: वाळूत पुरलेल्या पिंपात निखारे, त्यात मजल्यामजल्यांची जाळी सोडायची, झाकण लावून वरून वाळू ओढायची. पोपटीची आठवण येईल. पण जाळीवर कोंबडी किंवा मटण आणि भाज्या एकत्रच असतात आणि वरची चरबी खाली गळते. ‘व्हेज आहे’ एवढं सांगून भागत नाही. भाज्या वेगळ्या भांड्यात करा, असं बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा. भात, डाळीचं सूप, मुतब्बल (भाजक्या वांग्याची चटणी), सॅलड असतंच, उपाशी कुणी राहत नाही. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी थोडे ठेपले-दशम्या बाळगाव्यात. रमजानात चालकाचा रोजा असेल तर तुम्ही खायला हरकत नाही, पण त्याला विचारून आणि जरा आडोशाला.

स्वच्छतागृहं व्हिजिटर सेंटरला, कॅम्पवर आणि तुरळक एखाद्या थांब्यावर. मध्ये खडकाचा आडोसा. कागद पिशवीत घालून परत आणायचा. इथे तो कुजत नाही, उडत राहतो.

मुक्काम

हल्ली पारदर्शक घुमटांचे तंबू फार चालतात. त्यांना एसी लागतो, एसीला जनरेटर लागतो आणि जनरेटर रात्रभर घुरघुरतो. साधा बकरीच्या केसांचा काळा तंबू आणि जाड घोंगड्या यांत झोप छान लागते. एप्रिल ते ऑक्टोबर गादी बाहेर ओढून उघड्यावर झोपता येतं, विचारा, नाही म्हणत नाहीत. अशा साध्या कॅम्पमध्ये वीज सौर असते, चार्जिंग ठरावीक वेळीच, तेव्हा पॉवर बँक आणि टॉर्च हवा. अमावास्येच्या आसपासची तारीख मिळाली तर आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. पौर्णिमेला तारे फिके पडतात, पण कडे उजळतात. दोन्हीला गिऱ्हाईक आहे. बूट तंबूच्या आत ठेवा आणि सकाळी झटकून घाला, विंचू असतात.

निघताना

चालकाला टिप पूर्ण दिवसासाठी पाच ते दहा दिनार गाडीमागे पुरेशी होते. चालला असेल, थांबला असेल, चुलीपाशी बसवून चहा पाजला असेल तर वरची रक्कम द्या. पैसे थेट त्याच्या हातात द्या. गाडी अनेकदा दुसऱ्याची असते.

कॅम्पवरून सकाळी नाश्ता उरकून साडेआठपर्यंत रम गावात सोडतात. पेट्राकडे आणि अकाबाकडे जाणाऱ्या मिनीबस त्याच सुमारास निघतात आणि त्यांची जागा आदल्या संध्याकाळी कॅम्पवाल्याकडून सांगून ठेवावी लागते. ती चुकली तर टॅक्सी. भाडं गाडीत बसण्यापूर्वी ठरवा. निवडीला वाव असेल तर क्रम पेट्रा, मग वादी रम, मग अकाबा असा लावा: पेट्राची पायपीट आधी होते आणि कानात, केसांत, बॅगेच्या चेनमध्ये शिरलेली वाळू धुवायला पुढे तांबडा समुद्र असतो.